हालचाल आणि रंग यांची सहभागी कार्यशाळा: जागा, रंग, क्रम आणि कुठे काय बिघडतं

ओसरी
नमस्कार. दिवाळीच्या सुट्टीत आमच्या वसाहतीच्या सभागृहात हालचाल आणि रंगकाम यांची एकत्र कार्यशाळा घ्यायचं ठरतंय. लोक २४, वयं ९ ते ७०. नाच शिकलेले दोघं-तिघं, चित्रकार कोणी नाही. सभागृह ९०० चौरस फुटांचं, खाली गुळगुळीत व्हिट्रिफाइड फरशी, कोपऱ्यात एक बेसिन. वेळ ३ तास. जमिनीवर मोठा कागद अंथरून हातापायांनी रंगवायचं, एवढंच आत्ता पक्कं आहे. इतक्या जागेत २४ जण मावतील का? कागद कुठला आणि किती? अंगाला लागले तरी चालतील असे रंग कुठले? आणि लोक भिंतीला टेकून एकमेकांकडे बघत उभे राहू नयेत, म्हणून सुरुवात कशी करायची?

पायरव
ओसरी, आधी जागेचं बोलू. दोन्ही हात पसरून स्वतःभोवती फिरायला एका माणसाला साधारण दोन मीटर व्यासाचं वर्तुळ लागतं, म्हणजे ४० चौरस फूट धरा. २४ जणांना ९६० फूट झाले. शिवाय भिंतीपासून मीटरभर पट्टा मोकळा हवा, रंगाचं टेबल हवं, पाय धुवायची जागा हवी. तेव्हा २४ जण एकाच वेळी हलणार नाहीत. १२-१२ चे दोन गट करा. एक गट हलेल, दुसरा बघेल, पण रिकाम्या हाताने नाही. मेरी व्हाइटहाउस या अमेरिकन नर्तिकेच्या पद्धतीत, जी पुढे जॅनेट अ‍ॅडलर यांनी वाढवली, एक जण हलतो आणि दुसरा साक्षीदार म्हणून बघतो. ते बघणं हेच त्याचं काम असतं. तुमच्या इथे साक्षीदाराच्या मांडीवर पुठ्ठा, त्यावर ए-४ कागद आणि हातात जाड पेन्सिल द्या. त्याने समोरच्या एकाच माणसावर नजर ठेवायची, कागदाकडे न बघता आणि पेन्सिल न उचलता त्याच्या हालचालीची रेघ काढायची. तीन मिनिटं झाली की दुसरा कागद. बारा जण असे गुंतले की बघ्यांची भिंत तयार होत नाही आणि हलणाऱ्यांनाही अवघडल्यासारखं होत नाही.

सुरुवात नाचाने करूच नका. 'आता सगळ्यांनी मोकळेपणाने नाचा' म्हटलं की लोक गोठतात. चालण्याने सुरू करा, संगीताशिवाय. सूचना एवढीच: सभागृहात कुठे जागा रिकामी दिसते ती बघा आणि तिकडे चाला. मिनिटाभराने: थांबा. मग निम्म्या वेगाने. मग कोणाच्याही अंगाला न लागता जितकं जवळून जाता येईल तितकं जवळून. या चार सूचनांत दहा मिनिटं जातात, श्वास लागतो, नजर वर येते आणि जागेचा अंदाज येतो. पुढे रंगाचे डबे आले की हाच अंदाज उपयोगी पडतो.

नंतर जोड्या. हातभर अंतरावर समोरासमोर उभं राहून आरसा: एक जण संथ हलतो, दुसरा तसंच करतो. दोन मिनिटांनी न बोलता अदलाबदल. इथे नेहमी बिघडतं ते वेगामुळे. पुढचा वेगाने हात हलवतो, मागचा हसतो, खेळ संपतो. म्हणून पहिली अट: बघणाऱ्याला सांगता येऊ नये की पुढे कोण आहे आणि मागे कोण. तेवढ्याने वेग आपोआप उतरतो.

गेरूकाव
रंगांचं मी सांगतो. पहिली गोष्ट, भिंतीचा इमल्शन किंवा डिस्टेंपर अंगाला लावायचा नाही. त्यात बुरशी येऊ नये म्हणून घातलेली रसायनं असतात. शेंदूर आणि हिंगूळही बाद: पारंपरिक शेंदुरात शिसं, हिंगुळात पारा. सुटा 'क्रोम पिवळा' मिळतो, तोही शिशाचा. जे चालतं ते स्वस्त आहे आणि रंगाच्या किंवा किराण्याच्या जुन्या दुकानात मिळतं: गेरू, पिवडी (पिवळी माती), खडूची पूड, कपड्यांची पुडीतली नीळ. नीळ पुडीतलीच घ्या. बाटलीतली पातळ नीळ हा डाय असतो, तो कातडीवर आणि फरशीच्या सांध्यांत बसतो.

माध्यम म्हणून मक्याच्या पिठाची खळ. एक लिटरचं प्रमाण: १२० ग्रॅम कॉर्नफ्लोअर २०० मिली थंड पाण्यात गुठळी न ठेवता कालवा. ८०० मिली पाणी उकळत ठेवा, त्यात हे मिश्रण धार धरून ओता आणि हलवत राहा. पांढुरकेपणा जाऊन खळ पारदर्शक झाली की आणखी दोन मिनिटांनी उतरवा. पीठ थेट गरम पाण्यात टाकलंत तर प्रत्येक गुठळी बाहेरून शिजते, आत कोरडी राहते आणि नंतर कितीही घोटली तरी मोडत नाही. थंड होताना वर साय धरते. ती धरू नये म्हणून खळीच्या पृष्ठभागाला चिकटेल असं प्लास्टिक वर अंथरा. थंड खळीत लिटरला १०० ते १५० ग्रॅम रंगद्रव्य घाला, पण तेही आधी थोड्या पाण्यात भिजवून. कोरडी पूड टाकली की ठिपके ठिपके राहतात आणि पूड नाकात जाते. पूड मोजताना मास्क लावा, पंखा बंद ठेवा. शेवटी चमचाभर ग्लिसरीन, म्हणजे वाळल्यावर थर तडकत नाही. रंग घावनाच्या पिठाइतका सैल हवा. पायाने रंगवायचं असेल तर किंचित घट्ट.

पांढऱ्याबद्दल एक. खडूची पूड खळीत ओली असताना जवळजवळ दिसत नाही, वाळल्यावर पांढरी होते. लोकांना वाटतं रंग उमटत नाही, म्हणून ते थरावर थर देतात आणि दुसऱ्या दिवशी सगळं पांढरं ढप्पं दिसतं. पांढरा तेवढा तयार पोस्टर कलर घ्या. आणि काजळी वापरणार असाल तर ती पाण्यावर तरंगते, भिजतच नाही. भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब घालून घोटा.

ही खळ टिकत नाही. बाहेर एक दिवस, फ्रिजमध्ये तीन-चार. आंबट वास आला की टाकायची.

तिठा
गेरूकाव दादा, छान सविस्तर. खळीत फेविकॉल घालावा का? वाळल्यावर गेरूची पूड हाताला लागते.

गेरूकाव
घालता येतो, लिटरला ५० मिली, खळ पूर्ण थंड झाल्यावर. पण मग दोन गोष्टी मान्य कराव्या लागतात. कपड्यावर वाळलेला तो डाग निघत नाही. आणि पायावर वाळला की केस ओढले जातात, मुलांना ते फार झोंबतं. चित्र जपायचं असेल तरच घाला. माझा सल्ला: रंगात घालूच नका. चित्र पूर्ण वाळल्यावर फेविकॉलच्या एका भागात आठ भाग पाणी घालून स्प्रेच्या बाटलीने वरून हलका मारा. ब्रशने लावलात तर गेरू फिसकटतो.

मैत्रबन
अंगाला लागणारं काही असेल तर आदल्या दिवशी प्रत्येकाच्या कोपराच्या आतल्या बाजूला बोटभर रंग लावून बघायला सांगा, २४ तास. 'नैसर्गिक आहे' म्हणून हे टाळू नये, हळद आणि माती यांचीही कोणाकोणाला अ‍ॅलर्जी असते. नावनोंदणीच्या कागदावर चार प्रश्न हवेत: चक्कर किंवा फीट येते का, गुडघा-कंबर-खांदा दुखतो का, दमा आहे का, गरोदर आहात का. चक्कर येणाऱ्याला डोळे मिटून करायचं काही देऊ नये आणि गिरक्या देऊ नयेत. दमा असलेल्याच्या शेजारी कोळसा नको.

स्पर्शाचं आधीच ठरवा. वसाहतीतले लोक एकमेकांना ओळखतात, पण म्हणून कोणाही काकूंच्या खांद्यावर कोणीही हात ठेवावा असं होत नाही. दाराशी दोन रंगांच्या फिती ठेवा, एक 'हात लागला तरी चालेल', दुसरी 'नको'. मनगटाला बांधायची, कारण विचारायचं नाही, मध्येच बदलली तरी चालते. मुलांनाही हाच नियम.

मोबाइल एका पिशवीत. जमिनीवर ओणवा बसलेला माणूस फोटो निघतोय म्हटल्यावर लगेच सावरून बसतो. शेवटी सगळ्यांना विचारून फक्त चित्रांचे फोटो काढा.

पायरव
मैत्रबन ताईंच्या प्रत्येक ओळीशी सहमत.

आता हालचालीतून रेघेकडे कसं जायचं ते. इथे नृत्य-अभ्यासक रुडॉल्फ लाबान (१८७९-१९५८) यांचं वर्गीकरण अतिशय कामाचं आहे. हालचालीत जोर किती, वेळ किती, दिशा थेट की वळणाची, हे तीन घटक घेतले की आठ मूळ क्रिया मिळतात. दाबणं: जोराची, संथ, थेट. ठोसा: जोराची, झटपट, थेट. पिळणं: जोराची, संथ, वळणाची. सपकारा: जोराची, झटपट, वळणाची. हलक्या चार: सरकणं संथ आणि थेट, टिपणं झटपट आणि थेट, तरंगणं संथ आणि वळणाचं, झटकणं झटपट आणि वळणाचं. (लाबान चौथा घटकही सांगतात, प्रवाह: हालचाल मोकळी की आवरलेली. पहिल्या दिवशी तो सोडून द्या.)

प्रत्येक क्रिया आधी हवेत, सगळ्या अंगाने, साधारण एक मिनिट. मग लगेच तीच क्रिया कागदावर, हातात जाड वॅक्स खडू. नवख्या माणसाला 'वाऱ्यासारखे व्हा', 'फूल उमलतंय' असं सांगितलं की तो अभिनय करू लागतो. 'पाठीने भिंत ढकलल्यासारखा जोर लावा आणि तो जोर खडूत उतरवा' म्हटलं की रेघ दाट होते, खडू मोडतोसुद्धा, आणि ते योग्यच आहे. सूचनेत क्रियापद असावं, उपमा नको.

आठही एका दिवसात नकोत. चार पुरे: दाबणं, तरंगणं, सपकारा, टिपणं. एकमेकांपासून लांबच्या घेतल्या की कागदावर फरक ठळक दिसतो.

उत्तररंग
यात एक दोष हमखास येतो, तो सांगते. शरीर हवेत मोकळं हलतं, पण कागदापाशी आलं की माणूस लिहायला बसल्यासारखा बसतो आणि फक्त मनगट हलतं. कारण खडू पेनासारखा धरलेला असतो आणि कागद नाकाजवळ असतो. उपाय तीन. खडू मुठीत आडवा धरायला लावा. दोन्ही हातांत एकेक खडू द्या. दोन हातांनी अक्षर काढता येत नाही, त्यामुळे खांदा कामाला लागतो. तिसरा आणि सर्वांत चांगला: मीटर-सव्वा मीटर लांबीच्या बांबूच्या काठीला खडू किंवा कुंचला बांधा. मास्किंग टेपचे पाच-सहा वेढे, वर एक रबर. इतक्या लांब काठीने रेघ काढायची तर कंबरेपासून हलावंच लागतं. आणि ज्यांना खाली बसता येत नाही ते उभ्याने किंवा खुर्चीत बसून तितक्याच मोठ्या रेघा काढतात. तुमच्या सत्तरीच्या मंडळींसाठी सहा काठ्या तरी बांधून ठेवा. चाकांची खुर्ची असेल तर चाकाला खळीचा रंग लावून कागदावरून नेता येते, फक्त टायर आधी पुसून घ्या आणि नंतर लगेच धुवा.

गुडघ्यांसाठी जुन्या उशा किंवा योगाच्या चटयांचे तुकडे. फरशीवर वीस मिनिटं गुडघे टेकून बसल्यावर कोणालाही फक्त गुडघेच आठवतात.

ओसरी
सगळ्यांचे आभार, हे फार उपयोगी आहे. कागदाचं अजून राहिलं. आणि पायाने रंगवायचं की नाही, यावर मत हवं आहे. जपानी चित्रकार दोराला लटकून पायाने रंगवतात त्याचे फोटो पाहिले, मुलांना ते फार आवडेल.

तिठा
ते काझुओ शिरागा. १९५४ मध्ये जिरो योशिहारा यांच्या पुढाकाराने जपानमधल्या आशिया (Ashiya) नावाच्या शहरात सुरू झालेल्या गुताई या चित्रकारांच्या गटातले. १९५५ साली तोक्योच्या प्रदर्शनात ते मोकळ्या अंगणात चिखलात उतरले आणि सगळ्या शरीराने त्या चिखलाला आकार दिला. पण फोटोतला दोर नीट बघा. तो शोभेसाठी नाही. खाली तैलरंगाचा जाड थर असतो, त्यावर पाय टिकत नाही, म्हणून शरीराचा भार छताला बांधलेल्या दोराने घ्यायचा आणि पाय मोकळे ठेवायचे. तुमच्याकडे दोर नाही, छताला आकडा नाही आणि खाली व्हिट्रिफाइड फरशी आहे. त्या फरशीवर ओला पोस्टर कलर म्हणजे माणूस पडणारच. लहान मुलं पडून उठतात, सत्तरीच्या माणसाचं खुब्याचं हाड मोडतं.

म्हणून नियम कडक ठेवा: जोरदार हालचाल कोरड्यात, ओल्यात फक्त संथ. गिरक्या, उड्या, फुगडी हे सगळं खडूच्या टप्प्यात. ओल्या टप्प्यात पाऊल उचलून ठेवायचं, सरकवायचं नाही, आणि प्रत्येकाचा एक जोडीदार कापडाबाहेर कोरड्यात उभा राहून हात देईल. मोजे घालून कोणीही आत येणार नाही.

आणि ओल्यासाठी कागद नकोच. मांजरपाट घ्या. कागद भिजला की पायाखाली फाटतो, फाटलेला तुकडा सरकतो आणि तिथेच घसरायला होतं. मांजरपाट रंग पितो, पायाला पकड देतो, फाटत नाही, वर धुऊन पुन्हा वापरता येतो. खाली जुन्या फ्लेक्सचं अंथरूण, छापील बाजू फरशीकडे, म्हणजे रंग फरशीवर झिरपत नाही. फ्लेक्स कापडापेक्षा चारही बाजूंनी किमान एक फूट मोठा हवा. मात्र त्या उघड्या काठावर रंग सांडला तर तो फरशीहून निसरडा होतो. म्हणून काठावर जुन्या चादरी टाका आणि चालायची वाट चादरींवरूनच ठेवा.

कापड आदल्या रात्री ताणून चिकटवा. मास्किंग टेप ओला झाला की सुटतो, तिथे कापडी टेप हवा. खोक्यांचा तपकिरी टेप फरशीवर गोंद सोडतो, मग घासलेट नाहीतर खोबरेल तेल लावून काढत बसावं लागतं.

गेरूकाव
हिशोब देतो. मांजरपाट मोठ्या पन्ह्याचा, ६० इंचांच्या पुढचा. तीन मीटरचा एक तुकडा तिघांना पुरतो. १२ जणांच्या फेरीला चार, दोन फेऱ्यांना आठ, म्हणजे २४ मीटर. २५ घ्या. एकूण साधारण ३६ चौरस मीटर झालं. पायाने आणि हाताने लावलेला रंग जाड बसतो, लिटरात चार ते पाच चौरस मीटर. तेव्हा ८ लिटर खळ, म्हणजे किलोभर कॉर्नफ्लोअर आणि किलोभर रंगद्रव्य. जास्त करू नका. डबे भरलेले दिसले की लोक ते संपवायला लागतात.

कोरड्या टप्प्याला तपकिरी क्राफ्ट कागद, ४८ इंची रोल, १२० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम, म्हणजे कागद किती जाड ते) आसपासचा. ८० चा मुठीतल्या खडूखाली फाटतो. सहा मीटरच्या चार पट्ट्या, ३० मीटरच्या रोलमध्ये भागतं. रोल उघडला की कागद वळतो. आदल्या रात्री उलटा गुंडाळून रबर लावून ठेवा, सकाळी सपाट पडतो. दोन पट्ट्या जोडताना दोन इंच एकावर एक आणि टेप खालून लावा. वरून लावलेल्या टेपवर वॅक्स खडू घसरतो आणि प्रत्येक रेघेत तिथे खाच दिसते.

उत्तररंग
सगळे रंग एकदम मांडू नका, हे मी ठळक अक्षरांत लिहिलं असतं. सामूहिक रंगकामात दहापैकी नऊ वेळा जे होतं ते असं: पहिली पंधरा मिनिटं सुंदर, मग प्रत्येकजण दुसऱ्याच्या ओल्या रंगावर आपला रंग घालतो, आणि अर्ध्या तासात सगळं कापड एकाच चिखली तपकिरी रंगाचं. यात लोकांची चूक नसते. लाल-हिरवा, निळा-नारिंगी, पिवळा-जांभळा अशा विरोधी जोड्या ओल्या मिसळल्या की एकमेकांना मारतात. तुमच्या यादीतली नीळ आणि गेरू हीच जोडी घ्या, मिसळली की मळकट.

म्हणून एका कापडावर शेजारचे दोन रंग आणि पांढरा. दोन कापडं गेरू-पिवडी-पांढऱ्याची, दोन नीळ-काजळी-पांढऱ्याची. गट घड्याळाच्या दिशेने फिरतील तेव्हा रंगाचे डबे कापडापाशीच राहतील, लोक फिरतील. एका कापडापाशी सात मिनिटं. दुसऱ्या गटाला सूचना: आधीच्यांचं झाकू नका, त्यांची एक रेघ निवडा आणि ती जिथे थांबली तिथून पुढे न्या. झाकणं आणि पुढे नेणं यातला फरक मुलांना लगेच कळतो, मोठ्यांना पुन्हा सांगावा लागतो.

आणखी एक युक्ती, पहिल्या फेरीत पांढऱ्या मेणबत्तीने कापडावर जोर लावून रेघा काढायच्या. नंतर कितीही पातळ रंग आला तरी त्या रेघा उघड्या राहतात. रंग मात्र पातळ हवा, घट्ट खळ मेणावरही बसते.

मैत्रबन
क्रमाबद्दल थोडं वेगळं सुचवते. अ‍ॅना हाल्प्रिन (१९२०-२०२१) या अमेरिकन नर्तिकेने आधी चित्र, मग त्या चित्रातून हालचाल, मग पुन्हा चित्र असा क्रम वापरला. १९७२ मध्ये कर्करोगाचं निदान झाल्यावर त्यांनी स्वतःचं चित्र काढून ते नाचून काढलं होतं. चित्राकडून हालचालीकडे परत येणं बहुतेक कार्यशाळांत राहून जातं. तुमच्याकडे साक्षीदारांनी काढलेल्या रेघा आहेतच. त्यातली एक रेघ घ्या, ज्याची ती हालचाल होती त्याच्या हाती द्या आणि ती रेघ अंगाने वाचायला सांगा: कुठे वळते, कुठे दाटते, कुठे थांबते. वाचून झाल्यावर त्याने कापडापाशी जायचं. हा एक दुवा घातला की रंगकाम वेगळं आणि नाच वेगळा असं राहत नाही.

मात्र एक गोष्ट स्पष्ट ठेवा. ही उपचारपद्धती म्हणून घेऊ नका. नृत्योपचार आणि कलोपचार यांचं स्वतंत्र प्रशिक्षण असतं. कोणाच्या चित्रातला काळा रंग बघून 'तुमच्या मनात काहीतरी आहे' असं म्हणायचा अधिकार कार्यशाळा घेणाऱ्याला नाही. शेवटच्या बोलण्यात दोनच प्रश्न: काय दिसतंय, आणि ते काढताना अंगाचा कुठला भाग हलला. 'छान', 'सुंदर' हेही टाळा. एकाला छान म्हटलं की पुढचे सगळे आपलं छान आहे का हेच बघतात. कोणाला रडू आलं तर बाजूला बसायला एक शांत खुर्ची आणि पाणी, आणि घोळका नको.

ओसरी
मैत्रबन ताई, हे लक्षात ठेवते. संगीत ठेवावं का? आणि काही जणांचा आग्रह आहे की वारली चित्रं करावीत, सोपी असतात म्हणून.

पायरव
पहिल्या वीस मिनिटांत संगीत नको. नंतर ठेवलंत तर ज्याच्या ठरलेल्या नाचाच्या पायऱ्या सगळ्यांना पाठ आहेत असं गाणं नको. ते वाजलं की पायऱ्याच येतात आणि रेघ त्या पायऱ्यांचीच उमटते. कोणी ढोलकी किंवा दिमडी वाजवणारं असेल तर त्यासारखं दुसरं नाही, कारण वाजवणारा हलणाऱ्यांकडे बघून लय कमी-जास्त करू शकतो. आवाज इतकाच की सूचना ओरडून द्यावी लागू नये.

तिठा
वारली सोपी नाही. दोन त्रिकोण टोकाला टोक लावले, हातपाय काढले की झालं असं वाटतं, पण त्या आकृतीतली हालचाल त्रिकोणांच्या कलण्यात आहे. वरचा त्रिकोण एकीकडे, खालचा दुसरीकडे झुकला की माणूस नाचतो. दोन्ही सरळ ठेवले तर तो खांबासारखा उभा राहतो, आणि शाळांच्या भिंतींवर बहुतेक तेच दिसतं. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे (१९३४-२०१८, पद्मश्री २०११) यांच्या चित्रात शेकडो बारीक आकृत्या असतात आणि प्रत्येकीचा कल वेगळा.

तुमच्या विषयाशी तिचा खरा संबंध तारपा नाचात आहे. मध्ये तारपा वाजवणारा, भोवती एकमेकांच्या कमरेला हात घातलेली नाचणाऱ्यांची साखळी, ती वळत वळत मोठी होत जाते आणि चित्रातही तोच भोवरा येतो. करायचंच असेल तर पालघर जिल्ह्यातल्या एखाद्या वारली कलाकाराला रीतसर मानधन देऊन बोलवा. आधी साखळीत चालून घ्या, खांदा कुठे आणि कंबर कुठे जाते ते अंगाला कळू द्या, मग गेरूवर तांदळाच्या पिठाने काढा. तांदूळ भिजवून बारीक वाटायचे, पाणी आणि थोडा डिंक, कुंचला म्हणून टोक चावून किंवा ठेचून मऊ केलेली बांबूची काडी. लग्नातला चौक मात्र कार्यशाळेत काढू नका. त्यात पालघाट देवी असते, तो लग्नविधीचा भाग आहे, सुवासिनी काढतात. सरावाला घ्यायचा आकार नव्हे तो.

एका दिवसात हे आणि खळीचा रंग दोन्ही होणार नाही. वारली वेगळ्या दिवशी घ्या.

गेरूकाव
+१. गेरूवर पिठाचा पांढरा काढायचा तर गेरू पूर्ण वाळलेला हवा. ओलसर असला की पांढऱ्यात लाल चढतो आणि रेघ गुलाबी होते.

उत्तररंग
येणाऱ्यांना आधी पाठवायच्या सूचना राहिल्या. कपडे जुने, सुती, घोट्याच्या वर राहणारे. साडी, ओढणी, लांब घेर नको. केस बांधलेले. अंगठ्या, पैंजण, जोडवी काढता येत असतील तर काढून. जोडव्याच्या कडेने कागद फाटतो. ज्यांना जोडवी काढायची नाहीत त्यांनी त्यावर चिकटपट्टी गुंडाळावी. जेवण दोन तास आधी. ताजी जखम किंवा पायाला भेगा असतील तर ओल्या टप्प्यात काठीने रंगवावं. डाग चढू नयेत म्हणून काहीजण हातापायांना खोबरेल लावून येतात. हाताला आणि नखांना चालेल, तळपायाला अजिबात नाही. तेलकट तळवा मांजरपाटावरसुद्धा घसरतो.

ओसरी
तीन तासांची मांडणी अशी जुळवते आहे, चूक असेल तर सांगा. १५ मिनिटं फिती, ओळख, नियम. २५ चालणं आणि आरसा. ३० कोरडं, दोन्ही गट आलटून-पालटून. १० पाणी. ७० ओलं, दोन फेऱ्या. १५ बोलणं. १५ आवराआवर.

तिठा
आवराआवर १५ मिनिटांत होत नाही. २४ जणांचे ४८ पाय आहेत. ओल्याला ६० करा, आवरायला २५. बेसिनमध्ये पाय किंवा डबे धुवायचे नाहीत. गेरू जड असतो, वळणात बसतो आणि पाइप तुंबतो. कापडाच्या काठाशी खुर्ची, तिच्यापुढे ओळीने तीन टप. पहिल्याआधी जुन्या फडक्याने रंग निपटून काढायचा, निम्मं काम तिथेच होतं. पहिला टप साबणाचा, दुसरा साधा, तिसरा स्वच्छ पाण्याचा. प्रत्येक आठ माणसांनंतर पहिला टप काढून दुसरा पुढे सरकवा. पाय धुतलेला माणूस कोरड्या चादरीवरून थेट बाहेर, पुन्हा आत नाही. अशा दोन रांगा ठेवा. मळकं पाणी बादल्यांत रात्रभर ठेवा, सकाळी वरचं निवळ झाडांना किंवा मोरीत, तळाचा गाळ वर्तमानपत्रावर वाळवून कचऱ्यात.

आणखी एक, पहिल्या फेरीची कापडं ओली असताना दुसऱ्या फेरीची अंथरायला जागा हवी. दोघांनी चार कोपरे धरून, कापड झोळीसारखं न होऊ देता, गच्चीत न्यायचं. म्हणून गच्चीची चावी आधी घेऊन ठेवा.

मैत्रबन
कापडांचं पुढे काय करायचं ते सुरू करण्याआधी ठरवा. सामूहिक चित्र नंतर कापून तुकडे वाटायचे असतील तर पहिल्या रंगाआधी सांगायला हवं. नंतर कात्री काढली की काहींना ते मनाला लागतं. कापायचं असेल तर २० सेंटिमीटरची चौकोनी खिडकी कापलेला पुठ्ठा प्रत्येकाला द्या. तो कापडावर फिरवून आपला तुकडा शोधायला पाच मिनिटं. मला स्वतःला एक कापड अख्खं ठेवून सभागृहात लावणं जास्त योग्य वाटतं, तुकड्यात आपला हात सापडतो पण शेजाऱ्याचा हरवतो.

गेरूकाव
लावणार असाल तर वाळवण्यात घाई नको. खळीचा जाड थर वरून कोरडा वाटतो आणि आत ओला असतो. घडी घातली की चिकटतो आणि दोन दिवसांत बुरशी धरतो. पुण्याकडे दिवाळीच्या हवेत एक दिवस पुरे, मुंबई-कोकणात दोन धरा. सावलीत, आडवं वाळवा. दोरीवर टाकलंत तर ओघळ उतरतात. वाळल्यावर फेविकॉलचं पाणी मारा, पुन्हा एक दिवस, मग घडी न घालता पुठ्ठ्याच्या नळीवर चित्राची बाजू बाहेर ठेवून गुंडाळा. आत ठेवून गुंडाळलं की उघडताना थराला सुरकुत्या पडून पापुद्रे सुटतात. पीठ असल्यामुळे झुरळं आणि कसर लागते. नळीत कडुलिंबाचा पाला किंवा डांबरगोळ्या टाका, आणि ती नळी जमिनीवर उभी ठेवू नका, माळ्यावर आडवी ठेवा.